पट्टेवाल्याचा भाचा

कोर्टात त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचा राग तर येत नसेच, उलट अंगावर मूठभर मांस चढे. काम काय, तर न्यायालयाच्या दाराशी उभं राहायचं आणि आतून कारकुनाने मान हलवली की व्हरांड्याकडे तोंड करून पुढच्या प्रकरणातल्या माणसांची नावं पुकारायची. एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणणाऱ्याने एकदा तिथे उभं राहून बघावं. आवारात चहा पीत बसलेला पक्षकार, जिन्यात वकिलाशी हुज्जत घालणारी बाई, बाकावर पेंगणारा साक्षीदार, सगळ्यांपर्यंत नाव पोचलं पाहिजे. दुसरे पट्टेवाले नाव असं काही चघळत की ज्याचं आहे त्यालाही ते आपलं वाटू नये. भोंग्याकडे तसलं काही चालत नसे. समोरचा गाळेवाला असो की गाडी ओढणारा, त्याचं नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट, वजनदार बाहेर पडे. कित्येकांचं नाव जन्मात कोणी इतक्या मानाने घेतलेलं नसतं, असं तो म्हणायचा आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश व्हायचा.

घरी मात्र या गळ्याने वैताग आणला होता. त्याला हळू बोलताच येत नसे. बायकोच्या कानात काही सांगायला गेला, की भिंतीपलीकडची शेजारीण दुसऱ्या दिवशी त्याचा पुढचा भाग विचारी. बायको म्हणायची, अहो, तुम्हाला देवाने तोंड दिलं तेव्हा बटण द्यायचं विसरला. तो हसायचा. लपवण्यासारखं आयुष्यात होतं काय म्हणा!

आणि मग असल्या माणसाच्या पदरात नशिबाने गुपित टाकलं. तेही साधंसुधं नाही. त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मुलाने खून केला.

बहीण इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. नवरा लवकर गेला, मुलगा एकटाच, आणि त्या मुलाचा मामावर जीव. लहानपणी मामा यायचा तेव्हा हा दाराच्या उंबऱ्यावर उभा राहून मामासारखी नावं पुकारायचा, ऐकलेलं तसंच्या तसं बोलायचा, म्हणून मामानेच त्याला मिठू म्हणायला सुरुवात केली. मग तेच नाव राहिलं. शाळेत, हजेरीत खरं नाव होतं, पण ते फक्त तिथेच. मिठू मोठा झाला, त्याला ओठांवर मिसरूड फुटलं, तांत्रिक शाळेत लेथ चालवायला शिकू लागला, तरी घरात मिठूच.

त्या दिवशी शाळेच्या कार्यशाळेत निदेशकाने मिठूने घडवलेला लोखंडी तुकडा सगळ्यांसमोर भंगारात फेकला. माप चुकलं होतं. पोरं हसली. त्याचा जिवाभावाचा मित्रही हसला, शेजारच्याच यंत्रावर काम करणारा. सुट्टी झाली, निदेशक बाहेर गेला, मित्र वाकून यंत्राखालचा कचरा काढत होता आणि तोंडाने अजून चिडवत होता. मिठूने बाकावरचा हातोडा उचलला. एकदा मारला, तो पडला, आणि मग पुन्हा मारला.

हा दुसरा घाव सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. सरकारी वकील म्हणे, पहिला रागात बसला असं मानू, दुसरा कशात बसला? भोंग्यालाही रात्रंदिवस तेच छळायचं. ज्या पोराला त्याने खांद्यावर बसवून हिंडवलं होतं, त्याने खाली पडलेल्यावर हात उचलला कसा? बायको म्हणायची, तुम्ही विचार करू नका. पण विचार काय कोणी आवताण देऊन बोलावतं?

प्रकरण फिरत फिरत नेमकं भोंग्याच्याच मजल्यावर आलं, मुलांच्या न्यायालयात. तिथे न्यायाधीश एक बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत, शिस्तीच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावून ठेवलं की दार बंद ठेवून काम चालेल आणि मुलाचं नाव व्हरांड्यात कोणी उच्चारायचं नाही. नुसता प्रकरणाचा क्रमांक पुकारायचा. कायदाच आहे तसा. पोरगं पुढे कधी सुटलंच, तर जगात तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. मॅडमपुढे सध्या एकच प्रश्न होता. मुलगा अठराच्या आत होता खरा, पण फार आत नव्हता. केलं ते समजून उमजून केलं असं ठरलं, तर त्याला मोठ्या माणसासारखा मोठ्या कोर्टात पाठवायचा, आणि मग जन्मठेपेपर्यंत काहीही. पोरच आहे असं ठरलं, तर इथेच राहील, सुधारगृहात जाईल, काही वर्षांनी माणसांत येईल. बहिणीचा सगळा जीव या एका गोष्टीवर टांगलेला होता, आणि बहिणीच्या जिवाला भोंग्याचा जीव बांधलेला.

आता खरं तर त्याने पहिल्याच दिवशी मुख्य कारकुनाला सांगायला हवं होतं, की साहेब, हा माझा भाचा, मला दुसऱ्या दाराला लावा. अर्ध्या मिनिटाचं काम. कोणी त्याला फाशी देणार नव्हतं. तो दोनदा कारकुनाच्या टेबलापाशी जाऊनही आला. एकदा पंख्याची तक्रार करून परतला आणि एकदा उगाचच रजेचं विचारून. कारण बहिणीने त्याचा हात धरून सांगितलं होतं, दादा, तू तिथेच राहा. माझं कोणी नाही तिथे. मला आत घेतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तू दाराशी उभा असलास की मला पाय उचलता येतो. मिठूला निदान एक ओळखीचं माणूस दिसेल. मग भोंग्याने तोंडाला कुलूप लावलं. बहिणीला बजावलं की कोर्टात मला ओळख देऊ नकोस, खाली जिन्यापाशी बस. मिठूलाही तिने भेटीत समजावलं, मामाकडे बघायचं नाही.

पोलीस त्याला घेऊन यायचे तेव्हा मिठू खरंच बघायचा नाही. केस बारीक कापलेले, मान आत गेलेली, नखं कुरतडून बोटांची टोकं लाल. भोंगा भिंतीकडे बघत क्रमांक पुकारायचा. घरी आरशापुढे उभा राहून तो क्रमांक घोकायचा. आयुष्यभर ज्याने नावं पुकारली त्याच्या जिभेचा काय भरवसा? एखाद्या दिवशी सवयीने पोराचं अख्खं नाव, बापाच्या नावासकट, बाहेर पडलं तर? व्हरांड्यात वर्तमानपत्रवाले असतात, रिकामटेकडे असतात. बायको म्हणायची, झोपेतही आकडे बडबडता तुम्ही. तो म्हणायचा, बरंय की, नाव तर नाही ना बडबडत.

इथपर्यंत एक वेळ ठीक होतं. पण दाराशेजारच्या बाकावर एक माणूस येऊन बसू लागला.

तो मेलेल्या मुलाचा बाप. बाजारात त्याचं चष्म्यांचं छोटंसं दुकान. बारीक अंगाचा, इस्त्रीचा सदरा, आणि वरच्या खिशात नेहमी एक सुईएवढा पेचकस. प्रत्येक तारखेला यायचा. त्याला आत बोलावत नसत, अजून त्याचं म्हणणं ऐकायची वेळ आली नव्हती. तरी यायचा आणि बसून राहायचा. बायको माहेरी जाऊन बसलीय, दुकानात बसवत नाही, मग इथे बसतो, असं एकदा त्यानेच सांगितलं. भोंगा त्याला टाळायचा. पण एका सकाळी भोंग्याचा चष्मा नाकावरून घसरून हातात आला, आणि चष्मेवाल्याने काही न बोलता तो त्याच्या हातातून घेतला, पेचकस काढला, काडी घट्ट केली, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि परत दिला. वर म्हणाला, काचा बदलायला झाल्यात तुमच्या, सवडीने या दुकानात. आता अशा माणसाशी बोलायचं नाही म्हणजे काय, दगड व्हायचं?

मग बोलणं होऊ लागलं. भोंगा त्याला पाणी आणून द्यायचा, कुठल्या वकिलाच्या नादी लागू नये ते सांगायचा, मॅडमच्या स्वभावाविषयी सांगायचा. चष्मेवाला आपल्या मुलाविषयी बोलायचा. दुसरं काही त्याच्याकडे उरलंच नव्हतं. लोक समाचाराला येतात, म्हणायचा, पण मुलाचं नाव निघालं की विषय बदलतात. तुम्ही बरे, तुम्ही ऐकून घेता.

भोंगा ऐकून घ्यायचा. ऐकता ऐकता नजर दाराकडे वळवायचा. कारण चष्मेवाल्याला काय ठाऊक, की समोरचा पट्टेवाला त्याच्या मुलाला चांगला ओळखत होता! बहिणीच्या घरी तो मुलगा पडीक असायचा. मिठूबरोबर यायचा, जेवायचा, गच्चीवर लोळायचा. सुट्टीच्या दिवशी भोंगा बहिणीकडे गेला की हा तिथे असायचाच, मामा मामा करायचा. आणि त्याच पोराचा बाप इथे बाकावर बसून भोंग्याला त्याचं वर्णन करून सांगत होता. केस कसे होते, शीळ कशी घालायचा. भोंगा मान हलवायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

एक सल चष्मेवाला पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा. मुलाने दुकानात यावं अशी त्याची फार इच्छा होती. मुलाने साफ नाही म्हटलं. म्हणाला, मला यंत्रं आवडतात, मी लेथ शिकणार. त्यावरून घरात बरंच वाजलं होतं, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. चष्मेवाला म्हणायचा, त्याला माझ्या दुकानाची लाज वाटायची हो. मित्रांना कधी दुकानात आणलं नाही त्याने. बाप काय करतो म्हणून कोणी विचारलं तर काय सांगत असेल कोण जाणे. दुकानात बसला असता तर जगला असता, पण लाज वाटायची त्याला.

भोंग्याला याचं उत्तर माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. ते त्याच्या जिभेच्या टोकावर यायचं आणि तो उठून उगाच नळाकडे जायचा. सांगायचं तर, तुम्ही त्याला कुठे पाहिलंत, हा प्रश्न आलाच. मग बहीण, मग मिठू, मग सगळंच. तेव्हा तो गप्प राहिला. एकदा नाही, प्रत्येक तारखेला.

बहिणीला हे बोलणं कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आशा आली. मॅडम बापाचंही ऐकून घेणार होत्या. तू त्याच्याजवळ बसतोस ना दादा, म्हणाली, मग त्याचं मन वळव जरा. पोरं पोरं असतात म्हण. भोंग्याला हे आवडलं नाही. तो तिच्यावर खेकसलाही. पण पुढच्या तारखेला बाकावर बसून त्याने तसं म्हटलं खरं. म्हटलं, या वयात डोकं ठिकाणावर नसतं, मी इथे इतकी पोरं बघतो. चष्मेवाल्याने खिशातला पेचकस काढून बोटांत फिरवला. मग म्हणाला, खरंय. माझाही त्याच वयाचा होता, मी त्याला रोज पोरगाच समजत होतो. मग दुसऱ्याच्या पोराला एकदम मोठा माणूस कसा म्हणू? मॅडमनी विचारलं तर हेच सांगणार आहे मी. नातेवाईक थुंकतील माझ्यावर, पण खोटं बोलता येणार नाही.

भोंगा त्या दिवशी घरी गेला आणि जेवला नाही. आनंद व्हायला हवा होता. बायकोला म्हणाला, माझं काहीतरी चुकतंय. म्हणाला ते इतक्या मोठ्याने की पलीकडची शेजारीण खिडकीशी आली.

मग तो दिवस उजाडला. सकाळच्या सत्रात मॅडम मुलाशी बोलणार, त्यानंतर बापाचं म्हणणं ऐकणार, आणि दुपारनंतर निर्णय देणार, असं ठरलं होतं. बहीण पहाटेपासूनच खाली जिन्याच्या पायरीवर येऊन बसली होती. भोंग्याने मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, गणवेशाचा पट्टा दोनदा आवळला. 

मिठूला घेऊन येणारा पोलीस त्या दिवशी नवा होता. नेहमीचा दाराशीच उभा राहायचा. याने पोराला व्हरांड्याच्या पार टोकाला, खिडकीखालच्या बाकावर नेऊन बसवलं, आपल्या जोडीदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कागदावर सही घ्यायला खाली गेला. जोडीदार फोनवर बायकोशी भांडत होता. आतून कारकुनाने मान हलवली. भोंग्याने क्रमांक पुकारला.

मिठू उठला नाही. त्याला आपला क्रमांक कोणी सांगितलाच नव्हता. आजवर पोलीस दंडाला धरून आत न्यायचे, तेव्हा तो जायचा. आता तो पायाकडे बघत बसला होता. भोंग्याने दुसऱ्यांदा पुकारलं, आणखी चढ्या आवाजात. व्हरांड्यातले लोक इकडे तिकडे बघू लागले. आत मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं ते दाराच्या फटीतून दिसलं. कारकुनाने हाताने, काय झालं, म्हणून विचारलं. भोंग्याला एकच भीती. मॅडम चिडल्या, पोरगं बोलावूनही येत नाही असं त्यांच्या मनात बसलं, तर आजच्याच दिवशी? खरं नाव घ्यायचं नाही, खरं नाव घ्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. जिभेवर आलेलं ते नाव त्याने कसंबसं गिळलं. आणि ते गिळलं, पण तोंड उघडंच होतं.

“मिठू, ये बाळा.”

“आलो, मामा,” मिठू म्हणाला आणि ताडकन उठला.

जसा घरी उठायचा तसाच उठला. चार पावलं आला, आणि मग आपण काय बोललो ते कळून जागच्या जागी थिजला. भोंग्याचा आवाज, तो कसला लपतोय! अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नसेल, म्हाताऱ्या पट्टेवाल्याने पोराला बाळा म्हटलं, पोराने त्याला मामा म्हटलं, लोक काय कोणालाही मामा म्हणतात. पण दाराशेजारच्या बाकावर एक माणूस बसला होता ज्याच्या घरी मिठू कित्येकदा जेवला होता आणि ज्याच्या मुलाने घरात दिवसभर मिठू मिठू केलं होतं. ते नाव घरातलं आहे, ते पट्टेवाल्याला माहीत असायचं कारण नाही, हे त्याला क्षणात कळलं. पोलीस धावत आला, पोराला आत घेऊन गेला, दार बंद झालं.

चष्मेवाला भोंग्याकडे बघत राहिला. राग दिसला असता तर भोंग्याला सोपं गेलं असतं.

“तुम्ही त्याचे मामा?” त्याने विचारलं.

भोंगा खोटं बोलू शकला असता. मामा काय, सगळेच म्हणतात, असं म्हणून हसता आलं असतं. त्याला ते सुचलंही. पण घशातून निघालं दुसरंच.

“सख्खा,” तो म्हणाला. “माझ्या बहिणीचा मुलगा आहे.”

चष्मेवाल्याने मान खाली घातली. इतक्या दिवसांचं काय काय त्याला आठवत असेल ते भोंग्याला दिसत होतं. नळाचं पाणी, वकिलांविषयीचे सल्ले, या वयात डोकं ठिकाणावर नसतं ते. आता हा उठेल आणि दार ठोठावेल, असं भोंग्याला वाटलं. मॅडमना सांगेल की तुमच्या दाराशी आरोपीचा मामा उभा असतो आणि माझं मन वळवत असतो. मग आजचं सगळं रद्द. आणि बापाचं म्हणणं? ते तर आता फिरणारच.  तो बाकाच्या कडेला टेकला.

पण चष्मेवाल्याने विचारलं ते वेगळंच.

“माझा मुलगा तिथे यायचा. तुमच्या बहिणीच्या घरी.”

“यायचा.”

“म्हणजे तुम्ही त्याला पाहिलाय.”

“पाहिलाय. माझ्याशी बोलायचा. मलाही मामाच म्हणायचा.”

चष्मेवाला बाकावर त्याच्याकडे सरकला. मग तो म्हणाला, “सांगा.”

काय सांगायचं ते भोंग्याला विचारावं लागलं नाही. आता आवरायचं कशासाठी? त्याने सांगायला सुरुवात केली. त्याने सांगितलं की तुमचा मुलगा बहिणीकडे आला की त्याचा एक ठरलेला खेळ असायचा. भिंतीवर कॅलेंडर होतं. घरात जो सापडेल त्याला तो समोरच्या टोकाला खुर्चीवर बसवायचा, एक डोळा तळहाताने झाकायला लावायचा आणि कॅलेंडरवरचे बारीक आकडे वाचायला लावायचा. बहिणीचे डोळे त्यानेच तपासले. तिला म्हणाला, मावशी, तुम्हाला चष्मा लागलाय. आणि बोलायचा कसा, तर आवाज मऊ करून, घाई नाही, आरामात वाचा, नाही दिसलं तर नाही म्हणा, असा. आम्ही हसायचो. मी म्हटलं, अरे, हे कुठून शिकलास? तर म्हणाला, माझे बाबा असं बोलतात. म्हातारी माणसं डोळे तपासायला घाबरतात ना, बाबा असं बोलले की घाबरत नाहीत. बाबा यंत्राला डोळा लावायच्या आधीच नुसतं माणसाच्या चालण्यावरून सांगतात नंबर किती असेल. असं सांगायचा. छाती फुगवून सांगायचा. मग मी विचारलं, मग तू का नाही बसत दुकानात? तर म्हणाला, मला नाही जमणार, मामा. मी चिडतो लवकर. बाबांसारखं हळू बोलायला मला येत नाही.

हे सगळं भोंगा हळू सांगत होता असं त्याला वाटत होतं. पण तो हळू बोलू शकत नसे. व्हरांडा गप्प झाला होता. एक वकीलबाई फाईल छातीशी धरून उभीच राहिली. चष्मेवाला चष्मा काढून सदऱ्याने पुसत होता आणि पुसतच होता. त्याचा चेहरा भिजला होता, पण तो हुंदका देत नव्हता, एक शब्द हुकू नये म्हणून श्वास धरून ऐकत होता.

“लाज वाटायची नाही त्याला?” त्याने विचारलं.

“नाही हो,” भोंगा म्हणाला. “लाज कसली!”

दार उघडलं. मिठूला बाहेर काढलं, तो रडून आला होता, पोलिसाने त्याला सरळ जिन्याकडे नेलं. कारकुनाने मान हलवली. आता बापाची पाळी. भोंग्याने उठून त्याचं नाव पुकारलं. दोन हातांच्या अंतरावर असलेल्या माणसाचं नाव पुकारावं लागावं, यासारखी शिक्षा नाही. चष्मेवाला चष्मा घालून आत गेला आणि दार पुन्हा बंद झालं.

भोंग्याने बाहेर उभं राहून जे काही भोगलं ते शत्रूवरही येऊ नये. एरवी आतला शब्दन्‌ शब्द त्याला दारातून ऐकू यायचा, आज कानात नुसता भुंगा फिरत होता. जे आपल्या हातून झालं, त्याची किंमत मिठूने मोजायची? एकदा वाटलं, आत शिरावं आणि मॅडमना स्वतःच सांगावं, चूक माझी आहे, पोराची नाही. पाय उचललाही. पण आत जाऊन बोललो तर पोराचंच वाटोळं होईल की काय, ही भीती, आणि नाही बोललो तरी ते होईलच, हीही भीती. तो तिथल्या तिथे उभा राहिला. पुढच्या प्रकरणातला एक पक्षकार, आमची पाळी कधी, म्हणून विचारायला आला, त्याच्या अंगावर तो विनाकारण ओरडला.

चष्मेवाला बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे बघायची भोंग्याची छाती झाली नाही. तो बाकावर जाऊन बसला, पण भोंग्यापासून लांब, शेवटच्या टोकाला. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. दोघांनी पाणीही घेतलं नाही.

दुपारी कारकून बाहेर आला आणि त्याने ठरलेल्या कोरड्या आवाजात सांगितलं, प्रकरण इथेच राहील. मोठ्या कोर्टात जाणार नाही. मुलाला सुधारगृहात पाठवायचं, पुढचं वेळोवेळी पाहू. मॅडमनी मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचा अहवाल ग्राह्य धरला, आणि मृताच्या वडिलांचं म्हणणंही धरलं, असं त्याने जाता जाता सांगितलं.

भोंग्याने भिंतीला हात टेकला. वाचलं पोर. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. चष्मेवाला उठून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता.

“तुमच्याविषयी मी आत काही बोललो नाही,” तो म्हणाला. “मी तिथे माझ्या पोराविषयी बोलायला गेलो होतो.”

भोंगा हात जोडायला गेला. चष्मेवाल्याने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

“तुमचा भाचा लहान आहे, असं सांगितलं मी. रागात त्याला पुढचं दिसलं नसेल, असं सांगितलं. ते खरं का खोटं, त्याचं त्याला माहीत.” त्याचा आवाज अगदी मऊ होता, म्हाताऱ्या माणसांशी बोलावा तसा. “पण तुम्ही रोज इथे बसून माझं ऐकत होता. लाज वाटायची त्याला, असं मी रोज म्हणत होतो. तुम्ही कुठे लहान होता?”

उत्तरासाठी तो थांबला नाही. जिना उतरून गेला. खाली पायरीवर बसलेल्या बहिणीने अंग चोरून त्याला वाट दिली, आणि तो दिसेनासा झाल्यावर ती धावत वर आली. तिला कोणीतरी निर्णय सांगितला होता. कोर्टात ओळख द्यायची नाही हे ती पार विसरली. तिने सगळ्यांदेखत भोंग्याचे दोन्ही हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकून रडू लागली.

“दादा, तुझ्यामुळे झालं हे,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे वाचला माझा मिठू.”

“नाही गं,” भोंगा म्हणाला.

“नाही काय? दर वेळी त्या चष्मेवाल्याजवळ तूच तर बसत होतास.”